आपल्या पैशांत किती?

नाताळच्या सुटीत परदेशी गेलेली मुले-मुली घरी परतली, की आमच्या वसईतल्या घराघरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून मंडळी चर्चच्या आवारात रेंगाळलेली असतात, परस्परांना शुभेच्छा दिल्या जात असतात, आणि कुणी वडीलधारी व्यक्ती आवाज जरा खाली आणून परतलेल्या तरुणाला विचारते, "काय रे, पगार किती तिथं?" तो दिरहममध्ये किंवा डॉलरमध्ये आकडा सांगतो. त्याने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. लगेच दुसरा प्रश्न येतो, "म्हणजे आपल्या पैशांत किती?" तरुण मनातल्या मनात गुणाकार करतो, उत्तर देतो, आणि ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर आश्चर्य, कौतुक व किंचित हेवा अशा तिन्ही छटा एकदमच उमटतात.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. या प्रश्नातला गुणाकार मला कधीच अवघड वाटला नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझा पुतण्या व त्याची पत्नी एक वही घेऊन माझ्याकडे आली, तेव्हापासून या साध्या गुणाकाराने माझी झोप थोडी कमी केली आहे. दोघेही नोकरी करणारी, पदरी तीन वर्षांची मुलगी. वहीत तीन रकाने आखलेले होते. पहिल्यात दुबई : महिना ९,००० दिरहम, आयकर नाही. दुसऱ्यात टोरांटो : वर्षाला ७०,००० कॅनेडियन डॉलर, त्यातून कर वजा होणार. तिसऱ्यात इथलीच नोकरी : वर्षाला १२ लाख रुपये. दिरहमचा भाव २३ रुपये व कॅनेडियन डॉलरचा ६० रुपये धरून त्यांनी हिशेब मांडला होता. दुबईचे सुमारे २५ लाख होत होते, टोरांटोचे ४२ लाख आणि आपल्याकडचे १२.

"काका, तुम्ही गणिताचे मास्तर. तुम्हीच सांगा, कुठला रकाना बरा?" पुतण्याने विचारले.

गुणाकार तिन्ही ठिकाणी बरोबर होता. तरीही मला उत्तर देता आले नाही. आज त्या उत्तराचाच शोध वाचकांसमवेत घ्यावा, असे मनात आहे.

पहिली गोष्ट तर उघड आहे. टोरांटोत मिळवलेला डॉलर टोरांटोतच खर्च होतो. तेथे एका शयनगृहाच्या साध्या सदनिकेचे भाडेच महिन्याला दोन हजार डॉलरच्या वर जाते. म्हणजे आपल्या गुणाकाराने सव्वा लाख रुपये केवळ डोक्यावरच्या छपराचे! पगाराला साठने गुणायचे असेल, तर भाड्याला, दुधाला, केस कापण्याच्या दरालाही साठनेच गुणायला हवे. चलन बदलून देणाऱ्याच्या खिडकीतला भाव आपल्याला एवढेच सांगतो, की एक चलन दुसऱ्या चलनाशी कसे बदलले जाते. त्या चलनात ताटात काय पडते, हे तो भाव सांगत नाही.

ते कळावे म्हणून अर्थशास्त्रज्ञांनी वेगळी मोजपट्टी तयार केली आहे. तिला क्रयशक्तीची समता असे म्हणतात. एकच टोपली घ्यायची. तीत धान्य, कपडा, भाडे, प्रवास, औषध असे सर्व घालायचे, आणि ती टोपली निरनिराळ्या देशांत केवढ्याला पडते ते पाहायचे. संयुक्त राष्ट्रसंघ व पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी १९६८ साली या कामाचा आरंभ केला. आज जागतिक बँक ते चालवते. १९८६ साली लंडनच्या 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाने देशोदेशींच्या हॅम्बर्गरच्या किमती शेजारी शेजारी मांडून हीच गोष्ट विनोदाच्या अंगाने सांगायला सुरुवात केली. २०१७ सालच्या मोजणीत असे दिसले, की बाजारात अमेरिकन डॉलर ६५ रुपयांना मिळत होता. पण अमेरिकेत एका डॉलरला जेवढे पदरात पडते, तेवढे भारतात सुमारे २० रुपये ६५ पैशांत मिळत होते. म्हणजे बाजारातला भाव एक सांगत होता, आणि टोपलीचा भाव त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता.

कॅनेडियन डॉलरला हीच मोजपट्टी लावली, तर त्याची टोपली ढोबळमानाने सोळा-सतरा रुपयांची निघते. पुतण्याच्या वहीत मी सत्तर हजारांना साठऐवजी सतराने गुणून दाखवले. उत्तर आले ११ लाख ९० हजार. दोघेही एकमेकांकडे पाहू लागली. बेचाळीस लाखांचा डोंगर वितळून तिसऱ्या रकान्याच्या शेजारी येऊन बसला होता.

"म्हणजे जाण्यात काहीच फायदा नाही?" सूनबाईने विचारले. तेही खरे नव्हते. मग आम्ही कराच्या ओळीकडे वळलो.

कराविषयी आपल्या मनात एक जुनी अढी आहे. कर म्हणजे हातातून गेलेला पैसा, अशी आपली समजूत. त्यामुळे दुबईच्या रकान्यातले 'आयकर नाही' हे शब्द पुतण्याने ठळक अक्षरांत लिहिले होते. ते खरेही आहेत. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आयकर नाही. २०१८ सालापासून खरेदीवर पाच टक्के मूल्यवर्धित कर तेवढा आहे. मात्र जो देश आपल्याकडून कर घेत नाही, तो आपल्याला काय देणे लागतो, हाही विचार करावा लागतो. तेथे बाहेरून आलेल्यांची मुले बहुधा खासगी शाळांत शिकतात आणि त्या शाळांचे शुल्क पालक भरतात. राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली, की थोड्या मुदतीत दुसरी शोधायची अथवा देश सोडायचा. निवृत्तिवेतन नाही; सेवासमाप्तीच्या वेळी, पहिल्या पाच वर्षांसाठी दरसाल एकवीस दिवसांच्या व त्यापुढे दरसाल तीस दिवसांच्या मूळ वेतनाइतकी रक्कम हाती पडते. आणि कुटुंब सोबत न्यायचे, तर किमान ४,००० दिरहम पगार हवा, किंवा ३,००० दिरहम व राहायला जागा. ज्यांचा पगार त्या रेषेखाली आहे, त्यांना पत्नी व मुले मागे ठेवूनच जावे लागते. म्हणजे तिथे कमी पगाराची किंमत केवळ पैशांत मोजली जात नाही. ती ताटातुटीतही मोजावी लागते.

टोरांटोच्या पगारातून आयकर, निवृत्तिवेतनाची वर्गणी व बेकारी विम्याचा हप्ता मिळून साधारण पाव हिस्सा कापला जातो. पण तेथे मूल आजारी पडले तर रुग्णालयाचे देयक घरी येत नाही, आणि सरकारी शाळेत त्याला बारावीपर्यंत विनाशुल्क शिकता येते. हे आकाशातून पडलेले नाही. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात १९६२ साली सर्वांसाठी वैद्यकीय सेवेची योजना सुरू झाली, तेव्हा तेथील डॉक्टरांनी संप पुकारला होता. त्या योजनेसाठी झटणारे नेते टॉमी डग्लस हे मूळचे बाप्टिस्ट पाळक. पुढे ती कल्पना देशभर पसरली आणि १९८४ च्या कायद्याने तिला पक्के रूप आले. कापला गेलेला पाव हिस्सा म्हणजे शेजाऱ्यांनी मिळून केलेली खरेदी आहे. ज्याला आज गरज नाही, तो आज गरज असलेल्यासाठी भरतो. उद्या त्याची पाळी आली, की इतर भरतात. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ कर भरणे हे नैतिक कर्तव्य मानतो, त्यामागे हाच विचार असावा.

आपल्या तिसऱ्या रकान्यातही कराची ओळ रिकामीच होती. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर पडत नाही. याचा आनंद सर्वांनाच झाला. पण घरातले कुणी आजारी पडले म्हणजे खासगी रुग्णालयात अनामत रक्कम भरल्याशिवाय खाट मिळत नाही. इंग्रजी शाळेच्या प्रवेशासाठी पालकांना कर्ज काढावे लागते. ते पैसे आपण कर म्हणून लिहीत नाही, इतकेच.

इथवर आमची तिघांची वही चांगली भरली. रकाने आता एकमेकांच्या बरेच जवळ आले होते. परंतु एका प्रश्नापाशी माझे पाऊल अडखळले. टोपली इथे इतकी स्वस्त का पडते?

या प्रश्नाचा इतिहास आपल्या श्रद्धेच्या इतिहासाशी फार जवळून जोडलेला आहे. ज्या संत फ्रान्सिस झेवियर यांना गोव्याने हृदयात ठेवले आणि ज्यांची पावले आपल्या वसईच्या मातीलाही लागली, त्यांच्या आईकडचे एक नातलग होते मार्टिन दे आझपिल्कुएता. ते धर्मगुरू, कायदेपंडित, सालामांका व कोइंब्रा येथील प्राध्यापक. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी त्यांनी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला होता. व्यापारी व सराफ पापनिवेदनासाठी येत आणि विचारत, की निरनिराळ्या देशांच्या नाण्यांची अदलाबदल करून नफा घेणे हे पाप आहे काय? त्या शंकेला उत्तर म्हणून आझपिल्कुएता यांनी १५५६ साली चलनाच्या अदलाबदलीवर एक टिपण जोडले. त्यात त्यांनी असे दाखवून दिले, की जिथे पैसा दुर्मीळ असतो तिथे भाकर, मद्य, कापड आणि माणसाचे श्रमही कमी पैशांत मिळतात. स्पेनपेक्षा फ्रान्समध्ये पैसा कमी, म्हणून तिथे वस्तू स्वस्त. आणि खुद्द स्पेनमध्येही, अमेरिका खंडातून सोन्याचांदीचा ओघ सुरू होण्याआधी वस्तू व श्रम पुष्कळ स्वस्त होते, नंतर ते महागले.

चारशे सत्तर वर्षांपूर्वीच्या या निरीक्षणातले दोन शब्द माझ्या मनात रुतून बसले : माणसाचे श्रम. स्वस्त वस्तूंच्या यादीत त्या पंडिताने मजुरीही प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती. आपण ती यादी करताना मजुरी विसरतो.

जरा बारकाईने पाहू या. कोणत्या गोष्टी आपल्याकडे खरोखर स्वस्त आहेत? पेट्रोल नाही. संगणक नाही, मोबाइल नाही, विमानाचे तिकीट नाही. मुंबईच्या आसपासचे घर तर मुळीच नाही. जे जहाजातून येते-जाते, त्याची किंमत जगभर साधारण एकसारखीच राहते. स्वस्त आहे ते माणसाच्या हाताचे काम : केस कापणे, धुणे-भांडी, रिक्षा, शिवणकाम, गवंडीकाम, वाडीतली खुरपणी, आजाऱ्याची उठबस. टोरांटोचा न्हावी व वसईचा न्हावी एकच कात्री तितक्याच कौशल्याने चालवतात. तरी एकाच्या खुर्चीत बसायला दुसऱ्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. १९६४ साली बेला बालासा व पॉल सॅम्युएलसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, प्रत्येकाने आपापल्या परीने, याचे कारण मांडले. ज्या देशातले कारखाने व उद्योग माणशी जास्त उत्पादन करतात, तिथे उद्योगांतले पगार वाढतात. आणि न्हाव्यानेही कारखान्यात निघून जाऊ नये म्हणून त्यालाही जास्त द्यावे लागते. जिथे उद्योगांचे उत्पादन कमी आणि काम मागणारे हात उदंड, तिथे न्हावी स्वस्तच राहतो. त्याचे कसब कमी असते म्हणून नव्हे. त्याच्यापुढे दुसरी वाट नसते म्हणून.

आता 'आपल्या पैशांत किती' या प्रश्नाचा खरा अर्थ उलगडतो. तिथे कमावून तिथेच खर्च केला, तर बेचाळीस लाखांचे बारा लाख होतात. साठाचा गुणाकार खरा ठरतो तो फक्त त्या डॉलरपुरता, जो पोटाला चिमटा घेऊन, एका खोलीत चौघांनी राहून वाचवला जातो आणि गावी पाठवला जातो. हे कष्ट खरे आहेत. पण तो डॉलर गावात उतरल्यावर मोठा का होतो? कारण गावात त्याची वाट पाहणारी मजुरी लहान असते. बंगल्याचे जोते घालणारा गवंडी, वाडीला पाणी घालणारा गडी, म्हाताऱ्या आईजवळ रात्री झोपणारी बाई, यांचे दिवसाचे दाम कमी असतात म्हणून आपला महिन्याचा पगार भरघोस दिसतो. आपली स्वस्ताई हे कुणाच्या तरी मजुरीचेच दुसरे नाव आहे. गुणाकारात आनंद मानताना आपण नकळत त्या मजुरीच्या लहानपणातच आनंद मानत असतो.

आणि आझपिल्कुएतांच्या निरीक्षणाचा दुसरा भागही आपल्या गल्लीत खरा होताना मी पाहिला आहे. स्पेनमध्ये चांदी आली आणि ज्यांच्या हाती ती आली नाही, त्यांचीही भाकर महाग झाली. २०२२ साली परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठवलेली रक्कम १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. एका वर्षात एवढा पैसा मिळवणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. त्या ओघाचे काही पाट आपल्या गावांतूनही वाहतात. ज्या घरी पाट आला, तिथे कौलारू घराच्या जागी बंगला उभा राहिला. ज्या घरी आला नाही, त्या घरच्या शिक्षकाला, मच्छीमाराला, वाडीवाल्याला भावाच्या हिश्शाची दोन गुंठे जमीन विकत घेणेही परवडेनासे झाले. त्याचा पगार एका रुपयानेही घटला नव्हता. तरी तो गरीब झाला. दोन देशांची तुलना करणारी वही मांडताना आपल्याला वाटते, की देश दूर दूर आहेत. प्रत्यक्षात ते एकाच गल्लीत समोरासमोर राहायला आलेले असतात.

येथे कुणी मला थांबवील व म्हणेल, "मास्तर, तुम्हाला निवृत्तिवेतन मिळते. बाहेर गेलेल्यांना उपदेश करणे सोपे आहे." हा आक्षेप मी मान खाली घालून ऐकतो. माझे शिक्षण थोरल्या भावाच्या कुवेतच्या पगारावर झाले. ऐंशीच्या दशकात तो तिथे गेला, तेव्हा आमच्या घरात पाच भावंडे होती व वडिलांची वाडी सावकाराकडे गहाण होती. वाडी सुटली, दोन बहिणींची लग्ने झाली, मी शिक्षक झालो. त्याचा स्वतःचा मुलगा मात्र तो घरी येई तेव्हा आईच्या मागे लपत असे. तोच मुलगा आज वही घेऊन माझ्यासमोर बसला होता. तेव्हा बाहेर जाणाऱ्याला मी दोष कसा देऊ? आपल्या कित्येक धर्मग्रामांतल्या चर्चची छपरे आणि कित्येक मुलींची पदवीपत्रे अशा भावांच्या घामाने उभी आहेत.

म्हणून प्रश्न 'जावे की न जावे' एवढाच नाही. कोणत्या मापाने मोजावे, हा प्रश्न आहे. आणि त्या बाबतीत ख्रिस्तसभेने एक माप आपल्या हाती दिलेले आहे. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी 'रेरूम नोव्हारूम' हे विश्वपत्र लिहिले. मालक व मजूर यांनी आपखुशीने केलेल्या करारापेक्षाही एक जुना न्याय आहे, असे त्यांनी त्यात मांडले : काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे पोट भरेल एवढी मजुरी त्याला मिळालीच पाहिजे. चाळीस वर्षांनी, १९३१ साली, पोप अकरावे पायस यांनी त्या मजुरीत कामगाराच्या कुटुंबाचाही समावेश केला. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'लाबोरेम एक्सेर्चेन्स'मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले : एखाद्या समाजाची सारी अर्थव्यवस्था न्याय्य आहे की नाही, हे पारखायचे तर तिथल्या कामगाराच्या हाती पडणारे वेतन पाहावे. परदेशी जाण्याचा माणसाचा हक्क त्यांनी मान्य केला. पण माणूस देशाबाहेर जातो तेव्हा मायदेशाची हानी होते, हेही सांगितले. २०२३ साली पोप फ्रान्सिस यांनी स्थलांतरितांच्या दिनाच्या संदेशात जाण्याचे व राहण्याचे, दोन्ही स्वातंत्र्य माणसाला असावे असे म्हटले. आणि २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी 'लिओ' हे नाव घेताना तेराव्या लिओंच्या त्या विश्वपत्राची आठवण आवर्जून सांगितली.

या सर्व शिकवणुकीत दोन देशांच्या चलनांची तुलना नाही. तिथे विचारलेले आहे ते एवढेच : हे काम करणारा माणूस, जिथे तो उभा आहे तिथे, आपल्या माणसांसह माणसासारखा जगू शकतो का?

मत्तयलिखित शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला आपण सारे जाणतो. दिवसभर राबलेल्यांना व शेवटच्या तासाला आलेल्यांना मालकाने एकच मजुरी दिली. मूळ ग्रंथात त्या मजुरीचे नाव 'दिनार' हे रोमन नाणे आहे. मराठीतल्या एका जुन्या, प्रचलित भाषांतरात मात्र तिथे 'रुपया' हा शब्द वापरलेला आढळतो. लहानपणी मला तो रुपया आपल्या खिशातल्या रुपयासारखाच वाटे. आज वाटते, भाषांतरकारांपुढेही तोच प्रश्न उभा होता : आपल्या पैशांत किती? त्यांनी चांदीचे वजन करून भाव काढला नाही. एका मजुराच्या एका दिवसाचे दाम, एवढे त्यांनी पाहिले. दाखल्यातल्या मालकानेही, मला वाटते, तेच पाहिले असावे. उशिरा कामाला लागलेल्या मजुराच्या घरीही संध्याकाळी चूल पेटायची होतीच. मालकाने तास मोजण्याआधी ती चूल मोजली.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्या संध्याकाळी आमची वही चालू असताना आमच्याकडे धुणी-भांडी करणारी बाई काम आटोपून दाराशी येऊन उभी राहिली. ती पूर्वेकडच्या पाड्यावरून येते. म्हणाली, "मास्तर, पुढल्या महिन्यापासून दोनशे वाढवाल का? रिक्षाला फार जातात." माझ्या हातात पेन्सिल होती, समोर बेचाळीस लाखांचा आकडा होता. मी वर न पाहताच उत्तरलो, "दिवाळीनंतर बघू." ती "बरं" म्हणून निघून गेली. सूनबाई काही बोलली नाही. तिने फक्त वहीच्या कडेला, तिन्ही रकान्यांच्या बाहेर, २०० हा आकडा लिहिला व त्याभोवती एक वर्तुळ काढले.

त्या रात्री मी तो आकडा घेऊन बसलो. माझ्या पुतण्याला परक्या देशात न्याय्य वेतन मिळावे, त्याची मुलगी त्याच्यासोबत राहावी, आजारपणात त्याला कुणी वाऱ्यावर सोडू नये, अशी माझी तळमळ होती आणि ती योग्यही होती. पण तीच मोजपट्टी माझ्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोहोचली नव्हती. तिच्या पगारात तिचे घर कसे चालते, तिला सुटी मिळते का, ती आजारी पडली तर कोण भरते, हे मी बारा वर्षांत एकदाही विचारले नव्हते. माझ्या घरी ती 'स्वस्त' होती, आणि त्या स्वस्ताईला मी देवाची कृपा समजत होतो. कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते, असे संत याकोबांच्या पत्रात आहे. आमच्या घरात ती ओरडली नव्हती. ती हलकेच "बरं" म्हणाली होती, म्हणून मला ऐकू आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला चहा दिला, खुर्चीवर बसवले आणि हिशेब विचारला. दोनशे रुपयांत तो मिटणारा नव्हता. मी काय वाढवले, ते इथे लिहीत नाही. ते पुरेसे आहे असे मला अजूनही वाटत नाही. तिला महिन्याला चार भरपगारी सुट्या द्यायच्या ठरल्या. पहिल्या सुटीच्या दिवशी भांडी मी घासली, तेव्हा पाठीला कळले, की आजवर मी कशाचे दाम देत होतो.

पुतण्या व सूनबाई आता टोरांटोला आहेत. शेवटी त्यांनी ज्या ओळीवर निर्णय घेतला, ती पगाराची नव्हती. मुलीसह एकत्र राहता येईल, ही ओळ त्यांनी सर्वांच्या वर नेली. कुवेतच्या पगारावर वाढलेल्या मुलाने ती ओळ वर न्यावी, याचे मला नवल वाटले नाही. त्याची आई इथे एकटी आहे. तिची उणीव कुठल्या रकान्यात घालायची, हे आम्हांपैकी कुणालाच उमगलेले नाही. परवा फोनवर तो सांगत होता, की तिथला न्हावी फार महाग आहे, म्हणून पत्नीच त्याचे केस कापते. मग जरा थांबून म्हणाला, "पण काका, तो न्हावी त्याच्या मुलांना सुटीत फिरायला घेऊन जातो."

येत्या नाताळात चर्चच्या आवारात तो प्रश्न पुन्हा विचारला जाईल. मी तो टाळणार नाही. आपल्या माणसाच्या मिळकतीची चौकशी करणे ही मायाच आहे. फक्त उत्तर ऐकल्यावर घरी परतताना आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा, असे मी ठरवले आहे. ज्यांच्या श्रमांमुळे माझा पैसा मोठा दिसतो, त्यांच्या पैशांत तो किती होतो?